पडद्याची मधली जागा

नूतनच्या डिजिटल मासिकाचा पहिला अंक एका पानासाठी अडला होता. भिलाई-दुर्गकडचे कलावंत आणि त्यांचं काम, हा मासिकाचा विषय. मूर्तिकार, छायाचित्रकार, नाटकांचे मंच सजवणारी आम्रपाली, सगळ्यांची पानं लागली होती. राहिलं होतं ते पंजाबरावांचं, तिच्या बाबांचं. या उन्हाळ्यात ते गेले.

बाबा पोलाद कारखान्यात पेंटर होते. वर्षभर पाइप आणि रेलिंग रंगवायचे. पण विश्वकर्मा पूजेला त्यांच्या शॉपचा, म्हणजे विभागाचा, मोठा कापडी पडदा त्यांच्याच हातचा असे. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडत, आणि जो तो कुटुंब घेऊन पडद्यासमोर फोटो काढून घेई. पूजा आटोपली की रंग धुऊन काढून कापड पुढच्या वर्षाला ठेवायचं. त्यामुळे रंगवलेला एकही पडदा उरला नव्हता. उरले होते लोकांच्या अल्बममधले फोटो.

नूतनने कामगारांच्या वसाहतींतून, सेक्टरमधून, कॅम्प-1 मधून ते गोळा केले. त्यातल्या त्यात स्वच्छ होता बाबांच्या शॉपमधल्या चंपतकाकांच्या घरचा. मासिकाची मांडणी करणाऱ्या पीयूषने कॉम्प्युटरवर त्यातली माणसं पुसली, आणि मागची जागा आपोआप भरून आली. दोन्हीकडे हत्ती, मधोमध सोनेरी सिंहासन, मागे धगधगती भट्टी.

"दीदी, आता पूरा दिसून राहिला. कव्हरलेच टाकू."

नूतन कितीतरी वेळ बघत राहिली. लहानपणी तिला गर्दीच्या पाठीच तेवढ्या दिसायच्या. बाबांचं अख्खं चित्र आज दिसत होतं.

घरी तिने लॅपटॉप आईपुढे धरला. अन्नपूर्णाबाईंनी चष्मा लावला.

"हे कोनाचं होय?"

"बाबांचं."

"हत्ती त्याईचे होत. मधातलं नाही."

"समोरची माणसं काढली ना आई, म्हणून मागचं दिसतंय."

"मागं काही नव्हतंच, त दिसन कसं? मधात ते कपडा कोराच ठेवत. मी म्हणो, एवढं करता त देव तरी काढा. त म्हणत, देव खाली चौरंगावर बसलाच आहे. इथं लोकं उभे राहतीन. कोनाच्या डोक्शातून देवाच्या हत्तीची सोंड निघाली त लेकरं हासतीन त्याले."

म्हणजे सिंहासन आणि भट्टी कॉम्प्युटरने मनानेच भरली होती. नूतनला हसू आलं.

"मग पडद्यापुढे आपला फोटो का नाही, आई?"

"आपल्याले थांबवत ना. आधी लोकायचं होऊ दे म्हणत. लोकायचं होयेस्तोवर बाहेर निघाची वेळ होये."

नूतनने पीयूषला फोन लावला. "माणसं परत आण."

"फिर पेंटिंग में दिखेगा क्या, दीदी? दोन हत्ती?"

"हो. तेवढंच त्यांनी काढलं होतं."

पान लागलं. दोन हत्तींच्या मधे चंपतकाका, काकू आणि त्यांची तीन मुलं कशी नेमकी मावली होती. खाली नूतनने लिहिलं, 'पडदा: पंजाबराव हटवार', आणि अंक प्रसिद्ध केला.

आई लॅपटॉपवर अजून बाबांच्या पडद्याकडेच बघत होती.

"चांगला आला," ती म्हणाली. "आपनही एखाद वर्सी उभं राहाले पाहिजे होतं."