तंबू डावीकडे, गाडी उजवीकडे

देवळात पाऊल टाकताना दर्शनाने देवीकडे एकच मागणं मागितलं, "बाय, तंबू दे." गेला आठवडाभर त्या तंबूपायी घरात भांडी आपटली जात होती. जेवणावळीला बसावं तसे सगळे रोज भांडायला बसत.

झालं होतं असं, की तिच्या बायकांच्या जाखडीला राजस्थानातल्या वाळवंटी उत्सवाचं बोलावणं आलं होतं. पायात चाळ बांधून, मृदंगावर गोल फेर धरून नाचायची जाखडी; आजवर गावात तो पुरुषांचा मक्ता. या आठजणींनी तो मोडला, त्याचा व्हिडिओ कोणीतरी बघितला, आणि थेट वाळूत नाचायला या म्हणून फोन आला. दर्शना त्यांची गाणारी. ती गेली नाही तर बाकीच्या सातजणींनी कोणाच्या गाण्यावर पाय उचलायचा? सगळ्यांचं जाणं तिच्या एकटीवर अडलं होतं.

नवरा विनीत मुंबईत. तो फोनवर "जा की गो" म्हणाला आणि मोकळा झाला. त्याला काय जातंय म्हणायला! घरात तोंड द्यायचं होतं ते सासऱ्यांना, म्हणजे सदूआबांना, आणि धाकट्या दिराला, रितेशला. उत्सववाल्यांनी राहायला तंबू देऊ केले होते. रितेशने त्यांचे फोटो बघितले आणि भडकला.

"वहिनी, ह्याला दार म्हणतात? चेन ओढली की झालं दार? आमच्या घरातली बाई कापडाच्या आड झोपणार नाय."

हातखंब्याला त्याच्या एका मित्राने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची घरगाडी करून घेतली होती. आत बिछाने, शेगडी, संडास, सगळं. रितेशने जाहीर केलं, वहिनीला जायचंच असेल तर त्या गाडीतून जाईल. तो स्वतः चालवील आणि रात्री बाहेरून कुलूप घालील.

कुलूप म्हटल्यावर दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मी काय गोठ्यातली म्हैस हाय, भावजी? बाकीच्या तंबूत हसतील, खिदळतील, आणि मी एकटी कुलपात?"

"मग नका जाऊ."

खरी मेख तिथेच होती. तिने जाऊच नये हेच त्याला हवं होतं, आणि कुलपाच्या गाडीला ती कधीच हो म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आबांच्या पोटात काय होतं ते मात्र कळायला मार्ग नव्हता. कलमांवर फवारणी करून यायचे, जेवायचे, आणि हात धुताना "बघू" म्हणायचे. काल तेही वैतागले. "पुरे झालं तुमचं तंबू न् गाडी. उद्या नवलाईला कौल लावू. ती सांगेल तसं."

गावदेवीचा कौल म्हणजे शेवटचा शब्द. मग घरात त्यावर ब्र काढायचा नाही.

म्हणून सकाळीच सगळे देवळात आले होते. सातजणी बाहेर पाराशी थांबल्या, कारण कौलाच्या वेळी गाभाऱ्यापाशी गर्दी झालेली बाळा गुरवाला खपत नसे. आत बाळा, आबा, रितेश आणि खांबाला टेकलेली दर्शना. बाळाने फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवीच्या अंगावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे; जी आधी सुटून पडेल तो कौल. आबांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बाय नवलाई, ह्या दोघांनी माझा जीव नकोसा केलाय. सुनेने तिकडे वाळवंटात गाडीत राहावं असं तुझ्या मनात असेल तर उजवी पाकळी दे. तंबूत राहावं असं असेल तर डावी दे. आणि एकदाचा निकाल लाव!"

"होय महाराजा," बाळा म्हणाला.

"होय महाराजा," रितेशही म्हणाला, जोरात.

 दर्शनाने मात्र मनातल्या मनात गाऱ्हाणं पुन्हा म्हणून बघितलं. उजवी म्हणजे गाडी. डावी म्हणजे तंबू. आणि "जाऊ नको" कुठच्या बाजूला? कुठच्याच नाही! आठ दिवस कुठे झोपायचं यावर भांडता भांडता जायचं की नाही हे विचारायचंच आबा विसरले होते. आता कुठलीही पाकळी पडो, ती जाणार होती.

 सांगावं का? देवीसमोर उभं राहून गप्प बसणं म्हणजे लबाडीच की. पण सांगून मागायचं काय, तर स्वतःचा नकार? छे! तिने ओठ घट्ट मिटले आणि देवीकडे बघायचंही टाळलं.

पाकळ्या मात्र ढिम्म. समईची वात काजळली, बाळाने ती सारखी केली, तरी दोन्ही आपल्या जागी चिकटलेल्या. बाहेरून कमळाकाकूंचा खोकला ऐकू आला. आठजणींतल्या त्या सगळ्यात मोठ्या. चाळ बांधते म्हणून मुलाने अबोला धरला होता, तरी त्या तालमीला यायच्या. परत जाऊन त्यांना "नाय जमलं" कसं सांगायचं?

आणि तेवढ्यात रितेशची मान वळली. त्याच्या कपाळावर आठी आली, मग ती मोठी झाली, आणि दर्शना समजली.

"बाबा," तो म्हणाला, "जायचं की नाय ते कुठं विचारलंत?"

आबांनी डोळे उघडले. "आँ?"

"उजवी गाडी, डावी तंबू. मग 'नाय'ची बाजू कुठची? परत घाला गाऱ्हाणं. पाकळ्या काढ रे बाळा!"

"हात लावायचा नाय," बाळा गुरव म्हणाला. "गाऱ्हाणं घातलं ते घातलं. पाकळ्या सुकेपर्यंत वाट बघायची. तोवर देवी बोलली नाय तर उतरवू, मग काय ते नव्याने विचारा."

"मग थांबतो," रितेश म्हणाला, आणि मांडी घालून बसलाच. "सुकतीलच आता."

 पाकळ्यांच्या कडा आताच तपकिरी दिसायला लागल्या होत्या. सुकल्या की दुसरं गाऱ्हाणं, आणि त्यात "नाय"ला जागा असणार. रितेश ती विसरणार नव्हता. दर्शनाने आबांकडे बघितलं. आबा देवीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा नेहमीसारखाच कोरा होता.

"बाय, पाड गो," ती मनात म्हणाली. "डावी पाड." मग तिला स्वतःचाच राग आला. डावी कशाला? अजून मेली तंबूलाच धरून बसल्येय! "उजवी पाड. गाडीत घाल, कुलपात घाल, चावी भावजीच्या कमरेला बांध, पण पाड. कुठचीही पाड." डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

बाळा वाकून बघायला लागला. "सुकत आल्या," तो पुटपुटला. रितेश उठून उभा राहिला. बाळाचा हात गाभाऱ्याकडे जायला लागला.

उजवी पाकळी सुटली. देवीच्या हातावरून घसरली आणि खाली दगडावर पडली.

"उजवी!" बाळा ओरडला. "उजवा कौल! होय महाराजा!"

"गाडी," आबा म्हणाले, आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की दर्शना बघतच राहिली. "रितेश, मित्राला फोन लाव. गाडी सांगून ठेव."

"बाबा, मी ते आपलं बोलायला बोललो होतो! राजस्थान म्हणजे काय चिपळूण हाय? चार दिवस नुसती चालवत राहू?"

"चालवीन असं कोण म्हणालं होतं घरात? मी?" आबा चप्पल शोधायला लागले. "आणि होय महाराजा पण तूच म्हणालास, माझ्यापेक्षा मोठ्याने. आता देवीला सांग जमत नाय म्हणून. ही काय समोरच बसल्येय."

रितेशने देवीकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि तोंड पाडून नंबर शोधायला लागला.

दर्शना तोवर दारातून बाहेर पडली होती. पाराशी सातहीजणी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांतल्या दीपालीला धीर निघेना, ती धावतच पुढे आली.

"कुठची पडली गो? डावी ना?"

"पडली!" दर्शना म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"अगो पण कुठची? तंबू की गाडी?"

"पडली गो दीपाली, पडली!" म्हणत तिने कमळाकाकूंच्या गळ्यात हात टाकले.