मेजरसाहेबांच्या शिफारशीचा कागद

"तार तुटली आहे, हासे. समजलं ना?"

आवाज कसा, तर झोपेला आलेल्या लेकराला थोपटावं तसा मऊ. तेरा वर्षं झाली, तरी टेलिफोनच्या खांबावर चढून कमरेचा पट्टा अडकवला की तो आवाज ऑर्टविन हासेच्या कानाशी यायचाच. गावाला वाटे, लढाईवरून आलेल्या माणसाच्या कानात तोफा घुमत असतील. तोफा तो केव्हाच विसरला होता. हा मऊपणा विसरता येत नव्हता, आणि तो आठवला की त्याचे दात करकरायचे.

त्रेचाळीस सालचा शरद. नीपर नदीच्या पूर्वेच्या काठावर त्यांची जर्मन कंपनी एक पूल धरून बसली होती. पहाटे फोनवर मुख्यालयाचा हुकूम आला: ताबडतोब माघार घ्या, मागे पूल उडवा. फोन सांभाळणाऱ्या ऑर्टविनने तो लिहून घेतला आणि कॅप्टन टीलेमानच्या हाती दिला. कॅप्टनने वाचला, चार घड्या घातल्या, शेगडीत टाकला आणि मग ते वाक्य बोलला. शिपाई आधीपासूनच कुजबुजायचे, साहेबांचा घसा दुखतोय. गळ्यात बांधायच्या क्रॉसची, त्या शौर्यपदकाची, ज्याला हाव सुटे, त्याच्याबद्दल सैन्यात असंच म्हणत. दोन दिवस पूल राखला. एकेचाळीस पोरं नदीकाठच्या चिखलात निजली, ती उठलीच नाहीत. साहेबांना क्रॉस मिळाला, मेजरचा हुद्दा मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला.

आणि एकेचाळीस घरांना पत्रं गेली. 'आपला मुलगा क्षणात गेला, त्याला वेदना झाल्या नाहीत.' मजकूर साहेबांचा, अक्षर ऑर्टविनचं. दर पत्रात नाव तेवढं बदलायचं. आपल्याच गावच्या हेनिंग लूर्सचं नाव लिहिताना निब कागदातून आरपार गेलं होतं.

आता छप्पन्न साल होतं. देशात नवं सैन्य उभं राहत होतं आणि मेजर टीलेमानना त्यात परत जायचं होतं, एक पायरी वर. निवड करणाऱ्यांना जुन्या माणसांची साक्ष हवी होती: हाताखालच्या एका सैनिकाची सही, आणि मुलगा गमावलेल्या एका घरची, दोन्ही एकाच शिफारशीच्या कागदावर. येत्या वसंतात गावातल्या एकोणीस वर्षांच्या पोरांना बोलावणी येणार होती. ही पोरं त्या मऊ आवाजाच्या हाती जाणार की नाही, एवढंच त्या कागदावर ठरायचं होतं.

मेजरसाहेबांनी दिवसही नेमका निवडला. नोव्हेंबरातला, युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचा रविवार. चर्च झालं, स्मारकाच्या दगडावर हार चढला आणि सगळा गाव खाणावळीत कॉफीला बसला. मर्तिकाला असतो तोच लोण्याचा केक, भट्टीच्या पत्र्यावरूनच कापून वाढलेला. साहेबांनी तीन तुकडे खाल्ले. ऑर्टविन मोजत होता.

साहेबांनी स्वतःच कागद वाचून दाखवला. शत्रूने वेढा घातला, मुख्यालयाशी संपर्क तुटला, हुकूम नव्हता म्हणून अखेरपर्यंत पूल राखला. गाव माना डोलावत होता. काळ्या कपड्यांतली वीब्के लूर्स, हेनिंगची आई, डोळे टिपत होती. ते पत्र अजून तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात होतं. साहेबांनी पेन तिच्यापुढे केलं, तर तिने ते ऑर्टविनकडे सरकवलं.

"आधी तू कर, पोरा. माझ्या हेनिंगजवळ तू होतास. तुझी सही दिसली की मी डोळे मिटून करीन."

ऑर्टविनने पेनाला हात लावला नाही.

"काय हासे," साहेब हसले, "खांबावर सरसर चढतोस म्हणे, आणि सहीला धाप लागली?"

गाव हसला. लढाईवरून दोघं गावी परतल्यापासून हेच चाललं होतं: साहेब बोलायचे, गाव हसायचा, आणि ऑर्टविन आपल्या बुटांकडे बघायचा. गप्प राहण्याची त्याने कारणं तरी किती विणली! म्हातारीचं दुःख कशाला उकरायचं, मेलेले काय परत येतात, आपल्यावर कोण विश्वास ठेवणार. आज त्या कारणांचाच त्याला संताप आला. त्याने कप बाजूला सारला. साहेबांकडे बघितलंही नाही.

"लूर्सबाई, हुकूम आला होता."

साहेब त्याच जुन्या मऊ आवाजात म्हणाले की बिचाऱ्याचं डोकं लढाईत फिरलं, त्याला घरी न्या. कोणी उठलं नाही. वीब्केने फक्त विचारलं, "कधी आला?"

"पहाटे पावणेपाचला. माघार घ्या म्हणून. मीच लिहून घेतला, यांनी शेगडीत घातला. हेनिंग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला."

"क्षणात?"

"नाही. दुपारपासून संध्याकाळपर्यंत. तुम्हाला हाका मारत होता."

म्हातारीने टेबलाची कड घट्ट धरली. तिची नजर साहेबांवर गेली नाही. ती ऑर्टविनवरच खिळली होती, आणि तिच्यात दया नव्हती.

"आणि परत फोन आला नाही? मुख्यालयाने विचारलं नाही, का थांबलात म्हणून?"

हा प्रश्न तेरा वर्षांत कोणीच विचारला नव्हता. कोणी तो विचारील असं साहेबांनाही वाटलं नव्हतं.

"येऊ शकला नसता," ऑर्टविन म्हणाला. "यांनी सांगितलं आणि मी बाहेर गेलो. पक्कड घेतली, आणि तार मी तोडली, लूर्सबाई. मी."