कुबातच्या वतीने शपथ

"दादा, एक ओळ म्हणायचीय. शपथेचा नान हातात घ्यायचा, बोलायचं, घरी यायचं. त्यात तुझं काय जातंय?" माझ्याच चुलीपाशी बसून, माझाच चहा पीत कुबात माझ्या नवऱ्याला शहाणपण शिकवत होता.

"जाणार त्याचंच," मी म्हटलं. "तुझ्या शपथेला गावात विचारतो कोण?"

खोटं नव्हतं ते. कानायिमची गाभण घोडी चोरीला गेली आणि संशय माझ्या या दिरावर आला, तेव्हा पंचांसमोर याने लगेच हात वर केला होता. मी शपथ घेतो! कानायिम हसली. नवऱ्यामागे तीन पोरं एकटीने वाढवलेली बाई ती. म्हणाली, "तुझी नको. तुझ्या वतीने इसमानालीदादाला घेऊ दे. तो म्हणाला तू निर्दोष, तर मी घोडी विसरले." आमची जुनी रीतच आहे ही. शपथ आरोपीने घ्यायची नाही, त्याच्या भाऊबंदातल्या खऱ्या माणसाने घ्यायची, आणि तो माणूस फिर्यादीने निवडायचा. त्याने नकार दिला की चोरी शाबीत.

माझा नवरा इसमानाली तीस वर्षं गावचा पाटकरी आहे. कुणाच्या वाट्याचं ओंजळभर पाणी त्याने इकडचं तिकडे केलं नाही, माझ्या बापाच्या शेतासाठीसुद्धा नाही. गावाने त्याला काय दिलं? गळके बूट. लग्नाच्या जेवणात कधी चांगला तुकडा त्याच्या ताटात पडला नाही. आता मात्र सगळ्यांना त्याची जीभ हवी होती.

आणि चोर कोण, ते आम्हाला माहीत होतं. घोडीचं कातडं पाटाच्या जाळीत अडकलं होतं, इसमानालीनेच ते काढलं. विचारल्यावर कुबातने मान खाली घातली. माझ्या भोळ्या नवऱ्याने कातडं पुरून टाकलं.

"तेव्हाच बोंब मारायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"भाऊ आहे गं," तो म्हणाला. "गप्प बसलो, ते पाप माझ्या माथी. पण खोटं बोलू कसा?"

शुक्रवारी चौकात गाव जमलं. पंचांतल्या तोक्तोर आबांनी घसा खाकरला. वीरगाथा गाणारा माणूस, साध्या तंट्यातही सूर लावल्याशिवाय त्याचं भागत नाही. चाळीस वीरांनी तलवारीचं पातं चाटून शपथ घेतली तो प्रसंग त्याने गायला. शपथ मोडेन तर केसाळ छातीची ही धरती मला मारो, उघड्या माथ्याचं हे आभाळ मला मारो! अंगावर काटा आला माझ्या. गाणारा स्वतः दोन खोट्या साक्षी पचवून बसलाय, हे आठवलं आणि काटा गेला.

मग त्याने फडकं सोडून नान पुढे केला. "हं, बोल इसमानाली."

कुबात समोरच उभा होता, चक्क हसत होता. इसमानालीने नानाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. हात खालीच राहिले.

"मी शपथ घेत नाही," तो म्हणाला.

कानायिम रडत माझ्याकडे धावली. "वहिनी, देव तुमचं भलं करो!"

"हात लावू नकोस मला!" मी ओरडले. "पोलिसात जायचं होतंस. तुझ्या घोडीपायी माझा माणूस कापलास तू. आणि तुम्ही सगळे बसलात बघत! गावात एकच खरा माणूस, त्यालाच धरून आणलात!"

कुबात पुढे आला, थुंकला. बाप गेला तेव्हा हा चार वर्षांचा होता, इसमानालीने याला खोगिरावर पुढ्यात बसवून वाढवलं.

"आजपासून मला भाऊ नाही," कुबात म्हणाला. "मी मेलो तरी माझ्या मातीला येऊ नकोस!"

"बरं," इसमानाली म्हणाला. "पण तू माझ्या मातीला ये. वयानं माझा नंबर आधी आहे."