सकाळी सातचा खेळ

कंपनीच्या एकोणचाळीस चित्रपटगृहांच्या प्रेक्षकसंख्येच्या यादीत काचकारखान्याजवळचं अगदी तळाला होतं. ते बंद करायचं ठरवूनच तपासनीस साहेब सकाळच्या गाडीने तिथे पोचले.

"बाई, तुम्ही रोज सकाळी सातच्या खेळाला पाचशे तिकिटं दाखवता. त्या वेळी कोण सिनेमा बघतं? मुख्य कचेरीत आम्ही ती लिहिण्यातली चूक समजून खोडतो."

"म्हणजे हा खेळ सुरू केल्यापासून तीन वर्षं खोडताय होय?" व्यवस्थापक बाईंनी कपाळाला हात लावला. "तरीच आम्ही तळाला! चला आत."

आत पाय टाकताच साहेब थबकले. रात्रपाळी संपवून आलेले कामगार, भट्टीच्या धगीने रापलेले, बायकांसह शेवटच्या रांगेपर्यंत बसले होते. पडद्यावर कुणीतरी घसरलं आणि पाचशे माणसं एकदम हसली. साहेबांच्या अंगावर काटा आला. वीस वर्षं ते आकडे वाचत होते. आकड्यांना असा आवाज असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बसू कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"उभे राहा. तुमच्या त्या लिहिण्यातल्या चुकीने सगळ्या खुर्च्या अडवल्यात!"

मध्यंतरात साहेबांनी कचेरीत फोन लावला. "सातच्या खेळाची खोडलेली तिकिटं परत धरा. हे चित्रपटगृह बंद होणार नाही. ठेवतो, सिनेमा सुरू होतोय."