दोन झाकणं जास्तीचं ऑइल

ढाक्यात आम्ही बेबी टॅक्सीवाले, म्हणजे तीनचाकी रिक्षावाले, तेव्हा एकच धर्म पाळायचो: पेट्रोलमध्ये ऑइल सढळ हाताने ओतायचं. एक झाकण पुरे, असं मिस्त्री सांगे. मी ओतायचो तीन. इंजिन म्हणजे पोटचं पोर, त्याला उपाशी कसं ठेवायचं? मागून निळा धूर निघाला की वाटायचं, गाडी पोटभर जेवली. अक्कल म्हणून नव्हतीच हो आम्हाला!

सकाळी दारातच गाडी सुरू करून तापवायचो. खिडकीपाशी माझी पारुल निजलेली असे. आठ वर्षांची, दमेकरी. खोकत उठायची आणि वर मलाच चिडवायची, "अब्बा, तुमची गाडी माझ्याआधी खोकते."

मग सरकारने ठरवलं, पावसाळा संपला की या धुरकट तीनचाकी बंद. आमच्या स्टँडवर एक डॉक्टरीणबाई समजवायला आल्या. म्हणाल्या, "मोतालेबभाई, दम्याची पोरं फार वाढलीत. बंदी येईल तेव्हा येईल, निदान ऑइल तरी मापात घाला."

"आपा, तुम्ही सुया टोचा," मी म्हटलं. "इंजिनाला किती पाजायचं ते आम्हाला नका शिकवू!" सगळा स्टँड खो खो हसला. मलाही मोठा तीर मारल्यासारखं वाटलं.

आम्ही संप केला. पाच दिवस शहर अडवलं. सरकार नमलं, बंदी सहा महिने लांबली. त्या दिवशी मी जिलबी घेऊन घरी गेलो. बायकोने, जोबेदाने, तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पारुलचे अब्बा, पोरीला श्वास पुरेना झालाय. आनंद कशाचा करताय?"

"गाडी गेली तर खाणार काय? धूर?" मी खेकसलो.

पौषात धुकं उतरलं आणि धूर त्याच्याखाली दबून राहिला. एका दुपारी पारुलला धाप लागली. तिला माझ्याच गाडीत घालून हॉस्पिटलकडे निघालो. मगबाजारच्या चौकात कोंडी. पुढे आमच्याच गाड्या, सगळ्या धूर ओकत. मी ओरडलो, हात जोडले. हलायचं म्हटलं तरी कुणाला जागा नव्हती. जोबेदाने पदराने तिचं तोंड झाकलं होतं. पारुल तिथेच गेली.

फाल्गुनात बंदी आली. गाडी मी स्वतः नेऊन दिली. महिन्याभरात हवेत फरक पडला, खोटं कशाला बोलू?

मग एक मुलगी कागद घेऊन घरोघर विचारत आली. "खाला, बंदीआधी घरात कोणी खोकत होतं?"

"हो," जोबेदा तांदूळ निवडत म्हणाली.

"आणि आता?"

"आता कोणी खोकत नाही."

मुलगी हरखली. "बघा, फायदा झाला ना!"

मला राहवेना. म्हटलं, "पोरी, हेही लिही. ही बंदी सहा महिने मागे ढकलली होती. ढकलणाऱ्यांत तिचा बाप सगळ्यात पुढे होता."

"कुणाचा बाप?"

जोबेदाने सूप बाजूला ठेवलं आणि तिला पारुलचं नाव सांगितलं.