नॉर्बचं बियरचं पीठ

ईस्टरच्या आधीचे आम्हा कॅथलिकांचे उपास सुरू झाले की माझं वजन वाढतं. शुक्रवारी मांस खायचं नाही, म्हणून सगळं गाव चर्चच्या तळघरात जमतं आणि तळलेले मासे, बटाट्याचे पॅनकेक, कोबीची कोशिंबीर पोट फुटेस्तोवर खातं. वर बियर. देवाला आमचा त्याग पोचत असावा; निदान त्याने अजून तक्रार केलेली नाही.

मासे तळतो नॉर्बर्ट क्युबियाक, माझा पहिलीपासूनचा मित्र. कढई त्याची, शेगडी त्याची, आणि बियरमध्ये भिजवलेल्या पिठाचं प्रमाणही त्याचंच. ते त्याने बायकोला, बर्निसलासुद्धा सांगितलेलं नाही.

यंदा रमजान आणि आमचे उपास एकत्र आले. दवाखान्यातली नर्स होदान, मूळची सोमालियाची, माझं ब्लड प्रेशर मोजता मोजता म्हणाली, "शुक्रवारी आमची काही माणसं तुमच्याकडे जेवायला आली तर चालेल? मासे आम्हाला चालतात. फक्त सूर्य मावळल्यावर. आणि पिठात बियर नको."

दंडाला पट्टा आवळलेला असताना माणूस नाही म्हणत नाही. मी हो म्हणालो. फादरही हो म्हणाले. राहिला नॉर्ब.

"बियर नको?" नॉर्ब म्हणाला. "उद्या म्हणतील क्रूस नको! ती माणसं आली तर मी कढई उचलून घरी जाईन."

"अरे, जेवायला येताहेत. गाव घ्यायला नाही."

"सुरुवात जेवणापासूनच होते. पोरं बघ किती! आपसात काय बोलतात ते कळत नाही. हुकूम कुठून येतात, कुणास ठाऊक."

"मग मी तळीन."

तो इतका हसला की त्याला खुर्ची लागली. "तू? पेपरातल्या सदरात विनोद पाडतोस म्हणून हाताला चव आली होय?"

शुक्रवारी दिवस मावळला, होदानच्या लोकांच्या गाड्या आवारात लागल्या आणि नॉर्बने शेगडी बंद करून एप्रन खुंटीला अडकवला. कढई मात्र नेता येईना. तेल उकळत होतं. मग तो बाहेर आपल्या पिकअप ट्रकमध्ये हीटर लावून तेल निवायची वाट बघत बसला.

मी घरून आणलेल्या कढईत नवं तेल ओतलं, पाण्यात पीठ कालवलं. मासा तेलात गेला आणि पिठाने त्याच्याशी काडीमोड घेतला. होदानच्या मावशीने खजूर खाऊन उपास सोडला, माशाचा एक घास घेतला आणि भाचीला हळूच काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

होदानने जरा आढेवेढे घेतले. "म्हणते, तुमचे उपास खरंच कडक असतात."

त्याच माशाची बशी घेऊन मी ट्रकमध्ये जाऊन बसलो.

"जेवले तुझे पाहुणे?" नॉर्ब म्हणाला.

"ते राहू दे. परवा म्हणालास ते परत म्हण. पोरं फार, भाषा कळत नाही, हुकूम बाहेरून."

"मग? खोटं आहे?"

"तुझे आजोबा या देशात नवे होते तेव्हा गावातले शब्दन् शब्द हेच त्यांच्याबद्दल म्हणायचे. पोलिश बडबडतात, डझनभर पोरं, पोपचे हस्तक. त्यांची खिडकी फोडली तेव्हा रस्त्यावरून काय ओरडले होते?"

नॉर्बने हीटर बारीक केला. "मासेखाऊंनो, चालते व्हा," तो म्हणाला. "पण आपण वेगळे होतो."

"हो. आपल्याला मासे तळता येत होते." "हे बघ, आजवर तुझं बोलणं मी हसण्यावारी नेलं. आज नेणार नाही. आत बसलेत ते माझे पाहुणे आहेत. घरी जायचं तर खुशाल जा, पण मग माझ्या दारात येऊ नकोस."

एवढ्या वर्षांत असं मी त्याला कधी बोललो नव्हतो. त्याने हाताला चाळा म्हणून बशीतला एक तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबला.

"हे वाढलंस तू त्यांना?"

"हो."

"चर्चच्या नावावर?" त्याने ट्रकचं दार असं आपटलं की आरसा हलला. "गावभर सांगतील ना, कॅथलिकांना मासे तळता येत नाहीत म्हणून!"

आत येऊन त्याने माझं पीठ कचऱ्यात ओतलं, नवं घेतलं आणि मला कोपराने बाजूला सारलं. "माझं मत बदललेलं नाही, सांगून ठेवतो."

"मत राहू दे. पीठ बदल."

बियरच्या जागी त्याने बाटलीतला सोडा ओतला. मासे सोनेरी निघाले, कुरकुरीत. मावशींनी दुसऱ्यांदा बशी पुढे केली, मग तिसऱ्यांदा. दर वेळी नॉर्ब मान खाली घालून तेलात काहीतरी शोधत होता.

आमच्यात उपासाच्या दिवसांत प्रत्येकाने एखादी आवडीची गोष्ट सोडायची असते. नॉर्बने यंदा मला सोडलंय, असं बर्निसकडून कळलं. बोलतच नाही. फक्त दर गुरुवारी बर्निसचा फोन येतो.

"तो विचारतोय, उद्या ती माणसं येणार का? सोडा आणायचाय."

"येणार."

"आणि त्या मावशी?"

"त्याही."

मग मागून आवाज येतो, "मग मासे वाढवायला लागतील म्हणावं त्या गाढवाला!"