पहारा बंद करण्याची परवानगी

लॉर्ना थिबडो गेली. पण ते तूर्त बाजूला ठेवू. ती अजून अमेरिकेतल्या बँगोर शहरातल्या इस्पितळात उशीला टेकून आहे आणि तिचा मुलगा वेंडेल दूर उत्तरेला, घरी बसून ऑफिसच्या लॅपटॉपवर तिला बघतो आहे, असं धरून चालू.

वेंडेल स्वतः गेला असता. पण सकाळी बर्फाने लदलेलं मेपलचं झाड त्याच्या गाडीवर आडवं झालं. मोबाइल गाडीतच होता. पाठोपाठ वीज गेली. इंटरनेटचा डबा त्याच्या वेगळ्या बॅटरीवर कसाबसा चालू होता.

"जेवलास का रे?" आईने विचारलं.

"हो, बीन्स खाल्ले." थंडगार होते, हे त्याने सांगितलं नाही.

वेंडेल एका विमा कंपनीच्या संगणक विभागात होता. लोकांना उभ्या जन्मात त्याने एकच सल्ला दिला: नको ते बंद करा. आज त्याने स्वतःचं नको ते सगळं बंद केलं. तरी बॅटरी भोक पडल्यासारखी गळत होती. प्रोसेसर कोण खातंय, म्हणून त्याने आकडे उघडले. सगळ्यात वर 'पहारा' बसला होता. कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप किती काम करतात, किती वीज खातात, यावर क्षणोक्षणी नजर ठेवणारा प्रोग्राम. वीज सगळ्यात जास्त तोच खात होता. तो वेंडेलनेच बसवला होता. कुणालाही बंद करता येऊ नये, ही अटही त्याचीच. त्याबद्दल ऑफिसात केक कापला होता.

"अरे, आईकडे बघ ना!" इस्पितळात फोन धरून बसलेली बहीण, कोरीन, खेकसली. "कोपऱ्यात काय टकामका बघतोयस?"

"बॅटरी वाचवतोय गं."

"आणि आठ्या कसल्या?" आई म्हणाली. "मरतेय मी की तू?" ती हसली, मग बराच वेळ खोकली. "मला झोप लागेपर्यंत थांब हं."

"थांबतो."

त्याने 'बंद करा' दाबलं. चौकट आली: कारणासह अर्ज करा, स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येणार नाही. मंजूर करणारा दुसरा माणूस म्हणजे विभागातला गस. त्याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर फारच निवांत असतो, असं पहाऱ्यानेच वर कळवलं होतं. गसला नारळ मिळाला. त्याची खुर्ची अजून रिकामीच होती.

बॅटरीचं चिन्ह लाल झालं. आईचे डोळे अर्धे मिटले होते. वेंडेल भराभर टाइप करू लागला:

'अर्जदाराच्या मातोश्रींना झोप लागेपर्यंत सदर यंत्रावरील देखरेख तात्पुरती स्थगित ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.'